पासाचे पैसे, प्रवासाचे तास

या वेळचं पत्र बदलापूरहून आलं आहे. लिहिणारी २५ वर्षांची आहे. बीएएसएलपीची (वाचा आणि श्रवण उपचारांच्या पदवीची) इंटर्नशिप धरून चार वर्षं पूर्ण करून, आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी घेऊन ती गेली दोन वर्षं डोंबिवलीतल्या एका क्लिनिकमध्ये स्पीच थेरपिस्ट म्हणून काम करते. पगार २८ हजार, त्यातले १० हजार घरी देते. वडील कारखान्यातून निवृत्त झालेत, धाकटा भाऊ डिप्लोमाला आहे. आता तिला मुंबईतल्या एका कॉलेजात एम.एस्सी. स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजीला प्रवेश मिळतो आहे. दोन वर्षांची फी मिळून २ लाख २० हजार. तिच्याकडे साठवलेले १ लाख ४० हजार आहेत.

तिने बेत असा आखलाय: पहाटे पाचला उठायचं, सव्वासहाची लोकल, दादरला गाडी बदलून पश्चिम रेल्वे, साडेआठला कॉलेज. साडेचारला सुटून आठवड्यातून तीन संध्याकाळी डोंबिवलीला उतरायचं आणि पावणेसात ते पावणेनऊ सेशन्स घ्यायची. रविवारी दहा ते दोन पुन्हा क्लिनिक. आठवड्याला बारा सेशन्स, प्रत्येकी ३०० रुपये. ती लिहिते, "हॉस्टेल ही चैन आहे, कर्ज आमच्या घरात नको असतं आणि काम सोडलं तर मी घरावर भार होईन. म्हणून हा एकच मार्ग उरतो. जमेल ना मला?"

*

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना कागद-पेन्सिल घेऊन बसले, कारण तू वेळापत्रक इतकं नीट लिहिलंयस की त्यात काय नाही ते लगेच दिसतं. लेसन प्लॅन कधी लिहिणार ते त्यात नाही. रात्रीचं जेवण कधी, तेही नाही. आणि पाऊस नाही. कोर्स सुरू होणार ऐन पावसाळ्यात, कुर्ला-सायनच्या रुळांवर पाणी साचण्याच्या दिवसांत, आणि तुझ्या कागदावरची प्रत्येक गाडी मात्र वेळेवर धावतेय.

"जमेल ना?" याचं उत्तर मला होकारार्थी देता येईल. असं करणाऱ्या मुली मी पाहिल्यात. मीही त्यातलीच. आमच्या वेळी वाचा आणि श्रवण दोन्हींचा एमएएसएलपी असा एकत्र कोर्स होता. मी तो विरारहून जाऊन-येऊन केला आणि संध्याकाळी वसईत केसेस घेतल्या. पास झाले, मार्कही बरे मिळाले. पण दुसऱ्या वर्षातली एक संध्याकाळ अजून मनातून जात नाही. समोर सात वर्षांचा मुलगा होता, अडखळत बोलणारा. तो एका शब्दावर अडकला होता, धडपडत होता. माझी नजर घड्याळावर होती, शेवटची बरी गाडी चुकणार होती, आणि मी त्याचा शब्द पूर्ण करून टाकला. अडखळणाऱ्या मुलाचं वाक्य तोडू नका, त्याला त्याचा वेळ द्या, असं त्याच्या आईला दर आठवड्याला मीच सांगत होते. तो मुलगा काही बोलला नाही. मान खाली घालून पुढचं चित्र उचललं त्याने.

म्हणून मी प्रश्न जरा बदलून घेते. तुला जमेल. पण त्या वेळापत्रकात समोरच्या मुलाच्या वाट्याला तू किती येशील?

आता हिशेब. लोकलचा पास स्वस्त असतो, त्यामुळे आपण प्रवासाला जवळजवळ फुकट समजतो. घरखर्चाच्या वहीत तो एक ओळ असतो, त्यावर कुणी बोट ठेवत नाही. तुझा घरापासून कॉलेजपर्यंतचा प्रवास सव्वादोन तासांचा, म्हणजे रोजचे साडेचार. महिन्याचे २४ दिवस धरले तर १०८ तास झाले. आठ तासांचा एक दिवस धरला तर साडेतेरा दिवस! महिन्यातले साडेतेरा कामाचे दिवस तू रेल्वेला देणार आहेस आणि वहीत लिहिणार आहेस फक्त पासाचे पैसे.

दुसरी बाजू कमाईची. बारा सेशन्स गुणिले ३००, म्हणजे आठवड्याला ३,६०० आणि महिन्याला साधारण १५ हजार. बरोबर. पण सेशन ४५ मिनिटांचं असलं तरी काम ४५ मिनिटांचं नसतं, हे तुला मी सांगायला नको. आधी साहित्य काढायचं, नंतर नोंद लिहायची, दाराशी थांबलेल्या आईला घरी काय करून घ्यायचं ते समजवायचं. प्रत्येक सेशनमागे अर्धा तास आणखी धर. आठवड्याचे नऊ तास पंधरावर जातात, महिन्याचे चौसष्ट. म्हणजे तासाला मिळाले २३०-२३५ रुपये. वाईट नाहीत. फक्त प्रवासाच्या १०८ तासांशेजारी हे ६४ तास मांड, वर कॉलेजचे तास, आणि मग बघ दिवस कुठे संपतो.

तू हॉस्टेलला चैन म्हणतेस. कॉलेजच्या हॉस्टेलात प्रतीक्षायादी आहे आणि जवळ पेइंग गेस्ट म्हणून राहायला जेवणासकट १३ हजार पडतात, असंही लिहिलंयस. तिथे राहिलीस आणि दर शनिवारी घरी आलीस तर महिन्याला ८० तास वाचतात. म्हणजे एक तास तुला १६० रुपयांना पडला. चैन म्हणावी इतका काही महाग नाही. पण मी तुला लगेच "बॅग भर" म्हणणार नाही. वाचलेले तास विकता आले तरच तो सौदा पैशांत फायद्याचा, आणि तुझी सगळी मुलं डोंबिवलीत आहेत. मुंबईत राहिलीस की तीन संध्याकाळी गेल्या. वर १३ हजारांचा खर्च. दोन्ही मिळून महिन्याला वीस-पंचवीस हजारांचा फरक पडतो, आणि तुझ्या घरात तो डोळ्याआड करण्याइतका लहान नाही. तेव्हा पेइंग गेस्ट हा मार्ग मी पहिल्या सहामाहीसाठी बाजूला ठेवते. कॉलेजच्या हॉस्टेलच्या यादीत नाव मात्र आजच घाल. दुसऱ्या-तिसऱ्या सेमिस्टरला जागा सुटतात आणि त्या यादीत नाव असणाऱ्यांनाच मिळतात.

तुझ्या पत्रातली एक ओळ मात्र मला अडवते. "दादरला मावशी आहे, पण तिचं वन-रूम-किचन, तिच्यावर भार नको." मावशीला तू विचारलंस का? पत्रावरून तरी नाही वाटत. तूच तिच्या वतीने नाही म्हणून टाकलंयस. कायमचं राहायला जाऊ नकोस, ते कुणालाही जड जातं. पण मंगळवार आणि गुरुवार अशा दोन रात्री? एका रात्रीमागे एक जाणं-येणं वाचतं. आठवड्याचे नऊ तास, महिन्याचे चाळीसच्या आत-बाहेर. आईला मध्ये घालू नकोस. आईने विचारलं की मावशीला नाही म्हणता येत नाही. तू स्वतः जा, समोर बसून विचार, आणि "अडचण असेल तर मोकळेपणाने सांग, मला वाईट वाटणार नाही" हे तोंडाने म्हण. मावशी पैसे घेणार नाही, तेव्हा महिन्याचं काहीतरी ठरवून घे: तेलाचा डबा, तांदूळ, गॅसचा एखादा सिलेंडर. सुरुवातीलाच ठरलं की दोघींना हलकं वाटतं.

आता कर्ज. वडील एकदा कुणाला तरी जामीन राहिले, तो माणूस फिरला आणि हप्ते तुमच्या घरातून गेले. असं झालेल्या घरात कर्ज हा शब्द उच्चारायची चोरी असते, हे मला कळतं. त्यांच्या भीतीला मी चुकीचं म्हणणार नाही. पण शैक्षणिक कर्जाची रचना वेगळी आहे आणि ती त्यांना आकड्यांत सांगायला हवी. बँकांच्या सर्वसाधारण शैक्षणिक कर्ज योजनेत ४ लाखांपर्यंत काही तारण ठेवावं लागत नाही. तिसऱ्या माणसाचा जामीनही नसतो. आई किंवा वडील सहकर्जदार म्हणून सही करतात, ते लपवू नकोस. परतफेड कोर्स संपल्यावर साधारण एक वर्षाने सुरू होते. तोवर व्याज चढत राहतं, पण शिकत असतानाच ते भरत गेलीस तर पुढचा हप्ता हलका होतो आणि काही बँका त्याबद्दल व्याजात थोडी सूटही देतात. अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरून करता येतो.

आकडा मांडून बघू. सगळी फी, २ लाख २० हजार, कर्जातून. व्याज १० टक्के धरलं आणि शिकताना व्याज भरत गेलीस, तर पहिल्या वर्षी महिन्याला हजाराच्या आत आणि दुसऱ्या वर्षी दोन हजारांच्या आत रक्कम जाईल. मग सात वर्षांचा हप्ता बसतो साडेतीन-पावणेचार हजारांचा. तुझ्या आजच्या दराने ही महिन्याला बारा सेशन्स झाली. बारा! आता तू एका आठवड्यात घ्यायची म्हणतेस तेवढीच. कर्ज टाळण्यासाठी तू दोन वर्षं दर आठवड्याला जे करायला निघालीयस, ते एम.एस्सी. झाल्यावर महिन्यातून एका आठवड्यात होण्यासारखं आहे. हा कागद वडिलांसमोर ठेव. भीती लगेच जाणार नाही, पण निदान ज्याची भीती आहे त्याचा आकार दिसेल. जुन्या करपद्धतीत या व्याजावर आठ वर्षांपर्यंत कर-वजावटही मिळते. पगार वाढला की त्याचा उपयोग.

कर्जाच्या आधी एक दार वाजवून बघायचंय. घराचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, आणि तुमच्या घरी ते आहेच, तर महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरच्या शुल्क-शिष्यवृत्त्या तपासायच्या. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती त्यातली एक. शिवाय जुलै २०२४ मध्ये राज्य शासनाने आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय काढला. या सवलती शासनाच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून झालेल्या प्रवेशांना जोडलेल्या असतात, त्यामुळे तुझं कॉलेज, तुझा कोर्स आणि तुझा प्रवेश त्यात बसतो का, हे शिष्यवृत्तीचं टेबल सांभाळणाऱ्या लिपिकालाच विचार. मैत्रिणींच्या ग्रुपवर विचारत बसू नकोस. बसलं तर वरचं कर्जाचं गणितच बदलेल.

इतकं बोलून झाल्यावर एक गोष्ट विचारते, जी कदाचित आधी विचारायला हवी होती. एम.एस्सी. आत्ताच का? तू कारणं दोन दिलीस: बॅचमधल्या सगळ्या करतायत, आणि क्लिनिकचे सर म्हणाले की नंतर पगार वाढवू. दोन्ही कारणं दोन वर्षं आणि दोन लाख खर्च करायला मला तोकडी वाटली. बीएएसएलपी आणि आरसीआयची नोंदणी या जोरावर तू कायदेशीररीत्या काम करू शकतेस, करतेयसच. शिकवायचं असेल, पीएच.डी. करायची असेल तर पुढची पदवी लागते; मोठ्या रुग्णालयात जायचं तरी ती उपयोगी पडते. नाहीतर आणखी दोन वर्षं काम करून, पैसे साठवून जाणं हाही शहाणपणाचाच मार्ग आहे. त्यात कमीपणा नाही. पुन्हा प्रवेशासाठी धडपडावं लागेल, जागा मिळेलच असं नाही, हा त्यातला धोका.

पण पत्राच्या शेवटून दुसऱ्या ओळीत तू एक वाक्य लिहिलंयस, जणू सहज. शेजारच्या काकांना पक्षाघातानंतर वाचा गेली होती, तू जमेल तसं त्यांच्याजवळ बसायचीस, आणि तीन महिन्यांनी ते पहिल्यांदा "चहा" म्हणाले. "मला हे काम नीट शिकायचंय, क्लिनिकमध्ये फक्त लहान मुलंच येतात." हे कारण मला पटलं. वाचाघात झालेल्या, गिळताना ठसका लागणाऱ्या मोठ्या माणसांबरोबर काम करायचं तर रुग्णालयातली पोस्टिंग्ज, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली घेतलेल्या केसेस लागतातच. गिळण्याच्या तपासणीत आपली चूक रोग्याच्या फुफ्फुसापर्यंत जाऊ शकते, ते काम पुस्तकातून येत नाही. तेव्हा कोर्सला जा. पण त्यासाठी जा. आणि त्यासाठी जायचं तर पोस्टिंगच्या दिवशी साडेचारला घड्याळाकडे बघून चालणार नाही. चांगल्या केसेस बहुतेकदा तेव्हाच येतात, वॉर्डात डॉक्टरांची फेरी लांबली की. थांबणारी विद्यार्थिनी शिकते आणि गाडीसाठी पळणारी फक्त सही घेऊन जाते. सहीचं महत्त्व मी कमी मानत नाही. थिअरीची आणि क्लिनिकची हजेरी वेगवेगळी मोजतात, क्लिनिकच्या बाबतीत कुणी सवलत देत नाही, आणि पावसात दोन दिवस गाड्या बंद पडल्या की सगळी शिल्लक संपते.

तर माझं म्हणणं असं. पहिल्या सेमिस्टरला तिन्ही संध्याकाळी बंद. पूर्ण बंद, "एखादी मंगळवारी घेते" असंही नको. रविवार ठेव, पाच सेशन्स, म्हणजे महिन्याला सहा हजारांच्या वर. रेल्वेचा मेगाब्लॉक रविवारीच असतो, तेव्हा पहिलं सेशन साडेदहाला लाव आणि मुलांच्या आईवडिलांना आधीच सांगून ठेव. घरी देतेस त्या १० हजारांबद्दल घरच्यांशी बोल. दोन वर्षांसाठी ते चारपर्यंत आणता येतील का? तुझा खर्च काटकसरीने पाच हजार, व्याजाचे हजार-दीड हजार. महिन्याला चार-साडेचार हजारांची तूट येईल, ती साठवलेल्या पैशांतून भर. वीस महिन्यांचे ऐंशी-नव्वद हजार होतात. बाकीचे पन्नास हजार आजारपणासाठी आणि डेझर्टेशनच्या, म्हणजे संशोधन-प्रबंधाच्या, खर्चासाठी राहू देत. अठराव्या महिन्यात लॅपटॉप बंद पडतो, हे मी इतक्यांदा पाहिलंय की तो खर्च मी धरूनच चालते.

भावाशीही बोल. घर चालवण्याच्या गप्पांत त्याला लहान समजून वगळू नकोस. शनिवार-रविवारी शाळकरी मुलांना गणित शिकवून तोही तीन हजार आणू शकतो. तू भार होशील म्हणतेस. जी मुलगी दोन वर्षं दर महिन्याला १० हजार देत आली, तिने दोन वर्षं कमी दिले तर तो भार कसा? हा शब्द घरातल्या कुणी वापरलाय, की तूच स्वतःसाठी निवडलायस?

सरांना प्रवेश पक्का झाल्याबरोबर सांग. तू लिहितेस, "ते लगेच दुसरी ठेवतील म्हणून अजून बोलले नाही." ठेवतील कदाचित. पण उशिरा कळलं तर नक्की ठेवतील, आणि रविवारही जाईल. बोलताना त्यांच्या फायद्याचं काहीतरी हातात ठेव. रविवारी सेशन्सऐवजी नवीन मुलांची प्राथमिक तपासणी तू करशील का? तपासणीचे पैसे सेशनपेक्षा जास्त असतात, दर आठवड्याला तोच मुलगा यायला हवा अशी अट नसते आणि तुझी परीक्षा आली तर ती पुढे ढकलता येते. आठवड्यातून एखादं पालक-मार्गदर्शन ऑनलाइन घेता येतं. २०२० नंतर पालकांना त्याची सवय झाली आहे, आणि मावशीकडे असशील त्या रात्रीही ते होईल.

ज्या मुलांना तू सोडणार आहेस, त्यांच्या आईवडिलांना एकेकाला भेटून सांग, आणि निदान तीन आठवडे आधी. नव्या थेरपिस्टबरोबर दोन-तीन सेशन्स एकत्र घे. स्वमग्न मुलाला एका संध्याकाळी ताई बदललेली चालत नाही. आणि एक बारीक पण महत्त्वाचं: कॉलेजच्या ओपीडीत भेटलेल्या रुग्णाला "आमच्या डोंबिवलीच्या क्लिनिकला या" असं कधीही म्हणू नकोस. जवळ पडतं म्हणून तो स्वतःच मागे लागला, तरी आधी आपल्या गाइडला विचार. बाहेर काम करण्याबद्दल कॉलेजचा नियम काय आहे तेही प्रवेशाच्या वेळीच लेखी विचारून घे, नंतर कुणाकडून कळायला नको.

प्रवासाबद्दल थोडं. बदलापूरहूनच सुटणारी गाडी पकडलीस तर जाताना बसायला मिळतं. तो सव्वा तास झोपेचा ठेव. खरंच. वाचन होईल, नोट्स होतील, असं सगळ्या ठरवतात. येताना दादरला चढलीस की कल्याणपर्यंत उभी, तेव्हा हातात काही धरायची आशा नको. कानात लेक्चर ऐकणं जमलं तर उत्तम. रुग्णांचे रिपोर्ट डब्यात उघडू नकोस. चौथ्या सीटवरून शेजारणीच्या मोबाइलवर काय आहे ते सगळं दिसतं, आणि बदलापूर-अंबरनाथच्या डब्यात कुणाचं तरी मूल तुझ्याच क्लिनिकला येत असतं. पालकांचे फोनही गाडीत घेऊ नकोस. गोंगाटात माणसाचा आवाज आपोआप चढतो, त्याला आपल्या पुस्तकात लोम्बार्ड परिणाम म्हणतात, आणि आपण तो परीक्षेत लिहून रोज गाडीत विसरतो. दिवसभर आवाजावर पोट असणाऱ्या बाईने संध्याकाळी दीड तास ओरडून बोलावं, यासारखं दुसरं नुकसान नाही. पाण्याची बाटली भरलेली ठेव. दादरच्या पुलावर पाणी संपलं म्हणून पुढचे दोन तास कोरड्या घशाने काढू नकोस.

पासासाठी कॉलेजकडून सवलतीचा फॉर्म मिळतो; वयाची अट असते, तुझं वय त्या काठावर आहे, म्हणून पहिल्याच आठवड्यात विचार. तीन महिन्यांचा पास एकदम काढलास तर २.७ महिन्यांचे पैसे पडतात.

आता मला ज्यात सर्वांत जास्त रस आहे ते. एम.एस्सी.ला डेझर्टेशन असतं. बहुतेक मुली विषय निवडताना गाइड काय म्हणतील एवढंच बघतात. तू एक गोष्ट जास्तीची बघ: तुझ्या अभ्यासातली माणसं राहतात कुठे? डोंबिवली, कल्याण, उल्हासनगर, बदलापूर या पट्ट्यातल्या शाळा, अंगणवाड्या, पक्षाघात झालेल्यांची घरं तुझ्या दाराशी आहेत. गाइडची संमती, नैतिकता समितीची मंजुरी आणि संस्थेचं पत्र घेऊन माहिती गोळा करण्याचं काम तिथे केलंस तर निदान त्या काळात तुझा प्रवास उलटा होईल, हजेरीत बसत असेल तर कॉलेजला आठवड्यातून दोनदा गेलं तरी चालेल. आणि विषय मराठीचा घे. इंग्रजीवरून उतरवलेल्या चाचण्यांनी आपण मराठी मुलांची भाषा मोजतो. "मी", "आम्ही" आणि "आपण" यांतला फरक मूल कितव्या वर्षी पकडतं, वाचाघातानंतर मराठी माणसाची लिंगं आणि विभक्ती कशा तुटतात, असे प्रश्न इंग्रजीत सुचतच नाहीत, कारण त्या भाषेला ते पडत नाहीत. तू त्या काकांजवळ तीन महिने बसलीस. "चहा"च्या आधी त्यांच्या तोंडून काय काय निघत होतं, ते तुला आठवत असेल. लिहून ठेव.

अशीच पत्रं मला पुण्या-नागपुरातूनही येतात, म्हणून त्यांच्यासाठी दोन वाक्यं. प्रवेशाचे पर्याय भरायच्या आधी फीच्या शेजारी राहण्याचा आणि जाण्यायेण्याच्या तासांचा रकाना आखा. वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था किंवा म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था यांसारख्या केंद्र सरकारी संस्थांत स्पर्धा मोठी असते, पण दूरच्या सरकारी संस्थेत हॉस्टेलसकट होणारा खर्च जवळच्या खाजगी कॉलेजापेक्षा कमी निघू शकतो. लांबचं गाव म्हणून तो पर्याय आधीच खोडू नका.

आणि न्यू जर्सी, टेक्सासला नवऱ्याबरोबर गेलेल्या ज्या मुली विचारतात, त्यांना: तिथे थेरपिस्ट म्हणून स्वतंत्रपणे काम करायला मास्टर्स लागतंच, इथल्यासारखं आधी काम मग पदवी असं होत नाही. अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशनच्या प्रमाणपत्रासाठी ४०० क्लिनिकल तास, त्यातले २५ निरीक्षणाचे, आणि ही प्रशिक्षणाची प्लेसमेंट्स बहुतेक बिनपगारी. त्यानंतरची १,२६० तासांची, किमान ३६ आठवड्यांची क्लिनिकल फेलोशिप मात्र पगारी असते. तेव्हा शिकतानाच्या दोन वर्षांत कमाई जवळपास शून्य धरून चला, आणि प्लेसमेंट घरापासून किती लांब देतात हे प्रवेशाआधी विचारा. व्हिसावर काम करण्याची परवानगी हा आणखी वेगळा प्रश्न आहे, तो वकिलाला विचारायचा.

पुन्हा तुझ्याकडे येते. पहिलं सेमिस्टर संपलं की एक रविवार मोकळा ठेव आणि पुन्हा हिशेब मांड. मावशीकडे जमलं का, हजेरी किती शिल्लक, झोप किती झाली, पैसे किती उरले. जमत असेल तर एक संध्याकाळ परत सुरू कर. नसेल जमत तर करू नकोस, कर्जाची रक्कम थोडी वाढवता येते का ते बँकेला विचार. हे सगळं आजच दोन वर्षांसाठी ठरवून टाकायची गरज नाही.

शिष्यवृत्तीला आणि कर्जालाही उत्पन्नाचा दाखला लागेल. वडिलांची निवृत्तीची कागदपत्रं, रेशनकार्ड आणि आधार घेऊन या सोमवारीच सेतू कार्यालयात जा. निकाल लागले की तिथली रांग रस्त्यापर्यंत येते.